चेअरमनच्या दारातली वेस

मी सूड घेतला, आणि घेताना मला मजा आली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याकडून समजूतदारपणाची अपेक्षा ठेवणार नाही.

शिरूरला मार्केट यार्डाच्या रस्त्यावर, खतांच्या दुकानाच्या माडीवर माझं आर्किटेक्टचं ऑफिस आहे. मी आणि ड्रॉइंग काढणाऱ्या दोघीजणी, एवढाच पसारा. बंगल्यांच्या कामांवर ऑफिसचं भाडं निघतं, पण माझा जीव सरकारी इमारतींत. यावर लोक हसतात. सरकारी इमारत म्हटलं की पिवळट भिंती, गळकं छत आणि जिन्याखाली रचलेली मोडकी कपाटं, हेच सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येतं. मला मात्र त्या पिवळट भिंतींचाच राग आहे आणि त्या रागावरच मी हा धंदा चालवते.

त्या वर्षी आमचं नशीब जोरात होतं. दौंड तालुक्यात जनावरांचा दवाखाना मिळाला. शिरूरकडच्या दोन अंगणवाड्या मिळाल्या. दवाखान्याचा नकाशा काढायच्या आधी मी एका गोठ्यात नुसती उभी राहून म्हैस वळायला किती जागा घेते ते पाहत बसले होते. म्हैस बराच वेळ वळलीच नाही. गोठ्याची मालकीण म्हणाली, "बाई, तिला काय घाई न्हाई, तुमालाच हाय." त्यानंतर दौंडचं सभागृह आलं. तालुक्याचं मोठं सभागृह, आमच्या ऑफिसने त्याआधी कधी हातात न घेतलेल्या मापाचं काम. ते नीट झालं असतं तर पुढची दहा कामं आपण होऊन चालत आली असती.

आणि या सगळ्यांत सगळ्यात लहान काम होतं एका वेशीचं. गाव भीमेकाठचं, शिरूर तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, त्या गावाने माझं पुरेसं नाव घेतलेलं आहे. गावात शिरताना काळ्या दगडाची जुनी वेस, आत दोन्ही अंगांना बसायला देवड्या आणि कमानीवर गणपती कोरलेली आडवी पट्टी. कुणीतरी हौसेने तिला ऑइल पेंट फासला होता आणि दगडांच्या सांध्यांत सिमेंट कोंबलं होतं. सिमेंटने पाणी आत कोंडतं आणि दगड आतून सडत जातो. ते सिमेंट काढून पुन्हा चुना भरायचा, वरचे सुटलेले थर उतरवून जागच्या जागी परत बसवायचे, एवढं माझं काम. अशा कामात दगडाला हात लावण्याआधी प्रत्येकावर लाल रंगाने नंबर टाकतात. आमच्या ऑफिसातल्या थोरलीने परातीत लाल रंग कालवून मराठी आकड्यांत सगळ्या वेशीवर नंबर टाकले. तिचा तीन काढायचा एक वळणदार नखरा आहे, तो त्या दगडांवर छान दिसत होता.

गावात सोसायटीचे चेअरमन होते. खरं तर गावात तेच होते. पांढरेशुभ्र कपडे, मऊ आवाज, समोरच्याला "ताई" किंवा "आबा" म्हटल्याशिवाय वाक्य सुरू करायचे नाहीत. नदीकडचा सगळा ऊस त्यांचा किंवा त्यांच्या भावकीचा. हंगामात उसाने वरपर्यंत लादलेली ट्रॉली वेशीत अडकायची, मग वरच्या मोळ्या उतरवा, ट्रॉली काढा, मोळ्या परत चढवा. त्यांना वेस नको होती, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

ग्रामसभेत ते उठून म्हणाले, "ताई, तुमचं खरंय. वारसा जपलाच पायजे. पन ऊस कुठनं न्यायचा? डोक्यावरनं?"

सभा खो खो हसली. मीही हसले आणि म्हणाले, "चेअरमन साहेब, वेशीच्या मागून शिवरस्ता आहे. तुमच्या बांधाने तो जरा दाबलाय. बांध थोडा मागे घेतलात की ट्रॉली सरळ बाहेर."

आता कुणी हसलं नाही. बांध दाबलाय हे गावात प्रत्येकाला माहीत होतं आणि ते तोंडाने उच्चारायचं नसतं हेसुद्धा प्रत्येकाला माहीत होतं. चेअरमननी माझ्याकडे पाहून हात जोडले. त्या हात जोडण्याचा अर्थ मला हंगाम सुरू झाल्यावर कळला.

एका सकाळी फोन आला की वेस पडली. मी पोहोचले तेव्हा कमानीच्या जागी आभाळ दिसत होतं आणि खाली दगडांच्या ढिगात उसाची ट्रॉली रुतलेली होती. ट्रॉली चेअरमनांची, ड्रायव्हर चेअरमनांचा. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. ट्रॅक्टर मागे घेऊन पुन्हा पुढे घातल्याच्या खुणा मातीत स्पष्ट दिसत होत्या. मी फोटो काढेपर्यंत जेसीबी आला आणि त्या खुणांवरून फिरला.

मी काही बोलायच्या आत चेअरमन जमलेल्या लोकांना मऊ आवाजात सांगत होते, "ताईंचा काय दोष न्हाई. त्यांनी चांगल्यासाठीच सांधे मोकळे केले. पन जुनं काम हाय, न्हाई धरलं."

लोकांनी मला छन्नी घेऊन सांधे खरवडताना महिनाभर पाहिलं होतं. त्यामुळे हे त्यांना पटकन पटलं. दुपारपर्यंत गावभर झालं, की वेस बाईंनी पाडली. संध्याकाळी ते शिरूरला पोहोचलं आणि दोन दिवसांनी भाजी घेताना एका ओळखीच्या बाईने मला कळवळून विचारलं, "काय गं, तुझ्या हातनं वेस पडली म्हणे?"

दगडांचं काय झालं, असं मी चेअरमनना विचारलं. ते म्हणाले, "ताई, चुरा झाला निस्ता. खडी करून रस्त्यात टाकली." काळ्या दगडाचा कमानीवरून पडून चुरा होत नाही. हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक होतं.

मग दौंडच्या साहेबांनी बोलावलं. सभागृहाचं काम त्यांच्या हाती होतं. चहा मागवला, बिस्किटं पुढे केली, तेव्हाच मी समजले. "मॅडम, सभागृहाचं जरा थांबवू," ते म्हणाले. "वरून विचारणा झाली. ज्यांच्याकडून वेस पडते त्यांना एवढं मोठं छत कसं द्यायचं, असं लोक म्हणणार." मी ट्रॅक्टरच्या खुणांचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि बिस्किटाची बशी आणखी पुढे सरकवली. दौंडहून परत येताना गाडीत मी मोठमोठ्याने शिव्या दिल्या. मला इतक्या येतात हे तोवर मलाही माहीत नव्हतं.

त्यानंतर ऑफिसात फोन वाजायचा बंद झाला. अंगणवाड्यांचं काम संपलं आणि नवं काही येईना. धाकटी ड्रॉइंगवाली रांजणगावच्या एका कंपनीत लागली. जाताना रडली, मी नाही रडले. माझा तिळपापड होत होता आणि त्या अवस्थेत रडू येत नाही. रात्रंदिवस मी चेअरमनना मनातल्या मनात तोंडघशी पाडत असे. कधी ते भर सभेत माफी मागत, कधी त्यांच्या त्या पांढऱ्या कपड्यांवर कुणीतरी ऑइल पेंट सांडत असे.

अशात त्यांच्या वास्तुशांतीची पत्रिका आली.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. ज्या बाईची आपण अब्रू घालवली तिला घरभरणीला कोण बोलावतं? पण आमच्याकडे वास्तुशांतीला सगळ्यांना बोलावतात. एखादा दगड चोरला तर गाव दोन दिवस बोलेल, पण एखाद्याला पत्रिका दिली नाही तर दोन पिढ्या बोलतं. चेअरमन या बाबतीत फार काटेकोर. त्यांचा माणूस पत्रिका घेऊन माडी चढून आला, चहा घेतला आणि "सगळ्यांनी यायचं बरं का ताई, जेवायलाच यायचं," असं दोनदा बजावून गेला. आपण त्या बाईला कुठे बोलावतोय आणि तिथे तिला काय दिसणार आहे, याचा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नसणार. पत्रिका वाटायची ती वाटायची.

मी सर्वांत चांगली साडी नेसून गेले.

घर रस्त्यालगत, उसाच्या मध्ये. आत सगळीकडे चकचकीत फरशी, पण दर्शनी भाग 'जुन्या लूक'चा. ती आता फॅशन आहे. काळ्या दगडाच्या पायऱ्या, काळ्या दगडाचा ओटा आणि दरवाज्यावर गणपती कोरलेली आडवी पट्टी, तिला सोनेरी रंग दिलेला. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबले. त्या पायरीचा कोपरा वर्षानुवर्षं उसाच्या मोळ्या घासून गुळगुळीत झाला होता. पायरीला ऊस कोण घासतं?

गवंड्याने नंबरांची तोंडं आत वळवली होती. पण गणपतीची पट्टी उलटी कशी बसवणार? देवाचं तोंड भिंतीत गाडायला आमच्याकडचा एकही गवंडी तयार होणार नाही, मग मालक कुणीही असो. म्हणून गणपती सोनेरी होऊन दारावर बसला होता आणि त्याच्या सोंडेचा तुटका शेंडा मी कितीतरी वेळा कागदावर काढलेला होता. मी घराच्या मागे गेले. तिथे पाण्याची टाकी उरलेल्या दगडांवर ठेवलेली होती आणि त्यांची तोंडं वळवायची तसदीही कुणी घेतली नव्हती. लाल मराठी आकडे स्वच्छ दिसत होते आणि त्यांत आमच्या थोरलीचा नखरेल तीन होता. पाहुणे टाकीच्या तोटीखाली हात धूत होते, त्यांत त्या गावचे निम्मे लोक होते. एका आजोबांनी हात पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं, मग दगडांकडे पाहिलं आणि मग ते उसाकडे बघायला लागले. म्हणजे गावाला सगळं माहीत होतं. मला कसंसंच झालं, आणि मग एकदम खूप बरं वाटायला लागलं.

मी आरडाओरडा केला असता तर ती 'वेस पाडणारी बाई' शुभकार्यात तमाशा करून गेली, एवढंच झालं असतं. म्हणून मी जेवले. पुरी, बासुंदी, मसालेभात, सगळं मागून मागून जेवले. समोरच्या ओळीत दौंडचे साहेब बसले होते, त्यांना लांबून नमस्कारही केला.

जेवणानंतर सत्कार सुरू झाले. आमच्याकडे कुठलंही कार्य सत्काराशिवाय संपत नाही. माईकवरचा माणूस एकेकाला पुकारत होता, शाल, श्रीफळ, दोन शब्द. चेअरमनना मनाचा मोठेपणा दाखवायची संधी सोडवेना. त्यांनीच खुणावलं आणि मला पुकारलं गेलं, "आपल्या वास्तुविशारद ताई!" मंडपात कुजबुज झाली. चेअरमननी स्वतः नारळ दिला. मी नारळ काखोटीला मारला आणि माईक हातात घेतला.

"वेस पडली तेव्हा मला एकच काळजी होती," मी म्हणाले. "तिचे दगड लोक पळवतील. पण चेअरमन साहेबांनी एकेक दगड उचलून आपल्या दारात आणून ठेवला. पायऱ्यांत ठेवला, ओट्यात ठेवला, गणपतीला तर दारावर मान दिला. गावाला सांगितलं नाही, कारण या माणसाला गवगवा आवडत नाही. आज वास्तुशांतीच्या मुहूर्तावर ते सगळे दगड गावाला परत देतायत. नंबर अजून शाबूत आहेत, मागे टाकीखाली जाऊन कुणीही बघावेत. उन्हाळ्यातच काम सुरू करू. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसासाठी टाळ्या झाल्या पाहिजेत."

चार-दोन माना टाकीच्या दिशेने वळल्या. मग मागून, बहुतेक त्या हात धुणाऱ्या आजोबांनी, टाळी वाजवली आणि सगळा मंडप टाळ्यांनी दणाणला. चेअरमनांचा चेहरा मी डोळे भरून पाहिला. नाही म्हणावं तर दगड चोरीचे ठरत होते, हो म्हणावं तर घर मोडायला लागत होतं. त्यांनी हळूहळू दोन्ही हात वर नेले आणि जोडले. मला वाटलं, आता ग्रामसभेची फिट्टंफाट झाली.

पण सुडाची चटक लागते. घर उतरवायला मी स्वतः उभी राहिले. पहिल्या दिवशी मी दरवाज्यालाच हात घातला, ओट्यापासूनही सुरुवात करता आली असती तरी. चेअरमन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अंगणात बसून पाहत होते. "ताई," ते म्हणाले, "उंबऱ्याचा तेवढा ऱ्हाऊ द्या. पूजा झालीय त्याची."

"तो वेशीचा पायथ्याचा दगड आहे साहेब," मी म्हणाले. "त्याच्याशिवाय कमान उभी राहणार नाही."

तो नसता तर दुसरा घडवता आला असता. मी तो काढायला लावला. टाकीखालचे दगड काढले तेव्हा टाकी उतरवावी लागली आणि घरातल्यांनी विहिरीवरून पाणी ओढलं. मला दया आली नाही. दर्शनी भागाला मोठं भगदाड पडलं होतं, त्यावर त्यांनी निळा ताडपत्रीचा कागद बांधला. येता-जाता मी त्या कागदाकडे बघत असे आणि माझी भूक वाढत असे.

वेस चढत असताना चेअरमन एकदा आले. "जरा उंच घ्या की, ट्रॉली निघंल." मी म्हणाले, "जुन्या कामात माप बदलत नाहीत." हा नियम खरा आहे, पण तो सांगताना मला जो आनंद झाला तो नियमात कुठे लिहिलेला नाही. मग ट्रॉली जाणार कुठून? शेवटी त्यांनाच बांध मागे घ्यावा लागला आणि शिवरस्ता मोकळा झाला. ग्रामसभेत मी जे सुचवलं होतं तेच, आणि दाबलेली जमीन त्यांच्या हातून गेली. मी चुना भरत उभी होते आणि मनात म्हणत होते, घर गेलं, बांध गेला, आता काय राहिलंय?

दसऱ्याच्या सुमाराला वेस पूर्ण झाली. गणपतीचा सोनेरी रंग काढायला सर्वांत जास्त वेळ लागला. उद्घाटनाच्या दिवशी मी गावात शिरले तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फ्लेक्स लागले होते. चेअरमन हात जोडून उभे, मागे माझी वेस, आणि वर मोठ्या अक्षरांत, "घर मोडलं, गाव जोडलं." दुसऱ्यावर शिवरस्त्याचा फोटो होता, "स्वतःच्या शिवारातून गावाला वाट देणारा नेता." निवडणूक तोंडावर आली होती. भाषणांमागून भाषणं झाली आणि प्रत्येकात माझं वास्तुशांतीतलं वाक्य होतं. गवगवा न आवडणारा माणूस. मोठ्या मनाचा माणूस. माझेच शब्द, एकही न बदलता. मी खुर्चीत बसून ते ऐकत होते आणि माझ्या हातातल्या पेढ्याचा चुरा झाला होता.

दौंडचे साहेब शेजारी येऊन बसले. "मॅडम, सभागृहाचं काम परत तुमच्याकडे देतोय," ते म्हणाले. "चेअरमन साहेबांनी स्वतः शब्द टाकला. म्हणाले, चूक कुणाकडूनही होते, ताईंना एक संधी द्या."

मला ती खुर्ची उचलून फेकावीशी वाटली. मी सभागृह घेतलं. ऑफिसात थोरली होती, भाडं होतं आणि ते छत मला बांधायचंच होतं. ते आता दौंडला उभं आहे, चांगलं झालंय, आत शिरल्यावर आवाज घुमत नाही. पण तिथे कुणी माझं कौतुक केलं की मला त्या माफीची आठवण होते, मी न मागितलेल्या.

चेअरमन निवडून आले. दर्शनी भाग त्यांनी पुन्हा बांधून घेतला, या वेळी ग्रॅनाइटचा.

परवा दौंडहून स्कूटरवरून परत येताना मी मुद्दाम त्या गावावरून आले. ऊन होतं, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, डोळ्यांवर गॉगल. वेशीच्या देवडीत एक आप्पा टेकले होते. टाकीपाशी हात धुणारे आजोबा नव्हेत, वाडीवरचे कुणीतरी. सांधे कसे धरलेत ते बघायला मी स्कूटर लावून उभी राहिले. चुना चांगला धरलाय. एका सांध्यावर हात फिरवत मी सहज विचारलं, "आप्पा, वेस जुनी दिसतीय."

"जुनीच हाय. पन पडली व्हती," ते म्हणाले. "शिरूरची कोन बाई आली व्हती, तिनं सांधे उकरून पाडली. मंग आमच्या चेअरमननं सोताचं घर मोडून दगड दिलं, तवा उभी ऱ्हायली. असा मानूस न्हाई व्हायचा."

"आणि त्या बाईचं काय झालं?"

"ती?" आप्पांनी हात झटकला. "ती कशाला त्वांड दावतीय इकडं."

मी ओढणी सोडली नाही. स्कूटरला किल्ली लावली आणि म्हणाले, "येईल की आप्पा. तिचं काम अजून संपलं नाही."